पाच वाजता आलेल्याला पूर्ण रोज का?

बायबलमधले काही दाखले, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधगोष्टी, ऐकल्याबरोबर मनाला भावतात. हरवलेलं मेंढरू, चांगला शोमरोनी, बापाकडे परत आलेला धाकटा मुलगा. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात अगदी सुरुवातीला असलेला द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला मात्र तसा नाही. घरगुती प्रार्थनासभेत तो वाचून झाला की जरा वेळ कुणी काही बोलत नाही, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "पण हे काही बरोबर नाही केलं त्याने." मला वाटतं हा दाखला समजायला सुरुवात तिथूनच होते. ज्याला तो खटकलाच नाही, त्याने तो घाईत ऐकलेला असतो.

आधी गोष्ट, माझ्या शब्दांत. एक घरधनी पहाटे आपल्या द्राक्षमळ्यासाठी माणसं लावायला बाहेर पडतो. भेटलेल्यांशी दिवसाचा एक दिनार ठरतो आणि ते कामाला जातात. नऊच्या सुमारास तो पुन्हा चौकात जातो, तिथे काही जण रिकामे उभे दिसतात. तुम्हीही जा, योग्य ते देईन, असं सांगून तो त्यांना पाठवतो. बारा वाजता तेच, तीन वाजता तेच. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे तेव्हा बारा भाग करत. त्यातला अकरावा तास, म्हणजे आपले साधारण पाच वाजले असताना तो पाचव्यांदा बाहेर पडतो. अजूनही माणसं उभीच आहेत. दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात, असं तो विचारतो. ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो.

संध्याकाळ होते. घरधनी कारभाऱ्याला सांगतो, सगळ्यांना बोलाव आणि मजुरी दे, पण शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. तासभर काम केलेल्यांच्या हातावर एक दिनार पडतो. ते बघून पहाटे आलेल्यांना वाटतं, आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार मिळतो. ते कुरकुर करतात. घरधनी त्यांच्यातल्या एकाला म्हणतो: मित्रा, मी तुझ्यावर अन्याय केलेला नाही. आपलं एक दिनार ठरलं होतं ना? तुझं तू घे आणि जा. या शेवटच्याला तुझ्याइतकंच द्यावं अशी माझी इच्छा आहे. जे माझं आहे त्याचं मला हवं ते मी करू नये का? मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत खुपतंय का?

गोष्ट इथेच थांबते. कुरकुर करणाऱ्याने पुढे काय केलं, हे येशू सांगत नाही.

आता हे ऐकणाऱ्या पहिल्या माणसांच्या जागी जाऊन बसायला हवं, कारण त्यांना माहीत असलेल्या दोन गोष्टी आपल्याला माहीत नसतात. पहिली म्हणजे दिनार. एक दिनार हा रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाचा एका दिवसाचा रोज. त्यात घरातल्यांचं त्या दिवसाचं पोट भरायचं. शिल्लक टाकण्याइतका तो नव्हता. म्हणजे पाव दिनार किंवा बाराव्या हिश्श्याचा दिनार घेऊन घरी जाणाऱ्याच्या चुलीवर काय शिजणार, हे ऐकणाऱ्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

दुसरी गोष्ट मोशेच्या नियमशास्त्राची. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात आज्ञा आहे की गरीब मजुराचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावा, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला आहे. 'लेवीय' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातही मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नये असं बजावलं आहे. दाखल्यातला घरधनी संध्याकाळी कारभाऱ्याला बोलावतो ते काही त्याच्या लहरीने नव्हे. तो नियमशास्त्र पाळणारा माणूस आहे, आणि पुढे जे करतो ते नियम पाळून झाल्यावर करतो. हे लक्षात ठेवा, पुढे ते फार उपयोगी पडणार आहे.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला तो चौक डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडत नाहीत. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याकडून माणसं कामासाठी येतात, आणि शहरात तर रोज सकाळी मजूरनाका भरतोच. थापी, ओळंबा, डब्याची पिशवी घेऊन माणसं उभी असतात. ठेकेदाराची गाडी थांबली की त्याच्याभोवती गराडा पडतो. तरणी पोरं आधी उचलली जातात. मग अनुभवी गवंडी, मग त्यांच्या हाताखालचे. बाया, वयस्कर माणसं आणि ज्याच्या अंगात ताकद दिसत नाही असा कुणीही मागे राहतो. दाखल्यातले पाच वाजताचे लोक असेच अशक्त किंवा म्हातारे होते असं शास्त्रभागात लिहिलेलं नाही, तेव्हा ते ठामपणे सांगता येणार नाही. पण त्यांच्या तोंडी जे उत्तर आहे, ते नाक्यावरचं रोजचं उत्तर आहे.

आमच्या गटात हा भाग चर्चेला होता तेव्हा एका गृहस्थांनी, वर्षानुवर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या सज्जन माणसाने, म्हटलं की हे पाच वाजताचे लोक बहुतेक आळशी असावेत, उशिरा उठून आले असतील. कोपऱ्यात बसलेल्या एक ताई, ज्यांनी बांधकामावर बिगारी केली आहे, एरवी फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "आळशी माणूस दहाला घरी जातो, साहेब. दहानंतर कुणी न्यायला येत नाही. पाचपर्यंत उभा राहतो तो, ज्याला रिकाम्या हाताने घरी जाता येत नाही." मग त्यांनी सांगितलं की दुपारनंतर पाय दुखतात त्यापेक्षा जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरा जास्त दुखतात, आणि बसलं तर ठेकेदाराला वाटतं हिला काम नको आहे, म्हणून बसताही येत नाही.

मी हा भाग कितीतरी वेळा वाचला होता, त्यावर प्रवचनं ऐकली होती. पहाटेचे मजूर म्हणतात की दिवसभराचं ओझं आणि ऊन आम्ही सोसलं. त्या ताईंचं बोलणं ऐकल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की ऊन चौकातही तेवढंच होतं. शिवाय मळ्यातल्या माणसाला सकाळी सहा वाजताच कळलं होतं की आज घरी पीठ जाणार. चौकातल्याला ते संध्याकाळी पाचपर्यंत माहीत नव्हतं. शास्त्रभाग चार जणांत बसून का वाचायचा, याचं याहून चांगलं कारण मला देता येत नाही. एकट्याने वाचताना आपण आपल्याच जागेवरून बघतो. शेजारी वेगळं आयुष्य काढलेलं माणूस असलं की त्याच ओळीत आपल्याला न दिसलेली माणसं दिसू लागतात.

आता दाखल्याच्या मागेपुढे काय आहे ते पाहू. बायबलमधले अध्याय मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत. आज चालणारी अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मपंडिताने केली असं मानलं जातं, आणि नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये छापले. शोधायला हे सोयीचं आहे, पण कधीकधी चालू असलेलं बोलणं मधेच तुटतं. इथे तसंच झालं आहे. १९ व्या अध्यायात एक श्रीमंत तरुण येशूकडे येतो आणि सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर खिन्न होऊन निघून जातो. ते पाहून येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, आम्ही तर सगळं सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? येशू त्याला झिडकारत नाही. शंभरपट मिळेल असं वचन देतो. पण लगेच म्हणतो, पहिले असलेले पुष्कळ जण शेवटचे होतील आणि शेवटचे पहिले. आणि याच वाक्याला धरून दाखला सुरू होतो, तो संपतोही त्याच वाक्याच्या उलट्या मांडणीने.

म्हणजे हा दाखला पेत्राला सांगितलेला आहे. पहाटे आलेल्याला. ज्याने मासेमारीची जाळी टाकून दिली, घर सोडलं, आणि आता हिशेब विचारतो आहे त्याला. आम्ही चर्चमधली माणसं या दाखल्यावर बोलताना नम्रपणे म्हणतो की आम्ही शेवटी आलेले, आमची काय योग्यता. ते म्हणायला चांगलं आहे, पण खरं पाहिलं तर आमच्यातले बहुतेक जण पहाटेचे आहेत. रविवार न चुकवणारे, दशांश म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देणारे, आजोबांपासून मंडळीत असलेले. दाखल्यात आपली जागा कुठे आहे हे शोधताना ही चूक फार होते. जे पात्र सर्वांत जास्त टोचतं, बहुतेक वेळा तेच आपलं असतं.

दाखल्याच्या रचनेत एक बारीक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळं तिच्यावर उभं आहे. मजुरी वाटताना घरधनी उलटा क्रम लावतो. पहाटेच्या लोकांना आधी दिनार देऊन वाटेला लावलं असतं तर भांडण झालंच नसतं. ते खुशीत घरी गेले असते, कारण सकाळी ठरलं होतं तेवढं त्यांना मिळालं होतं. घरधन्याने त्यांना मुद्दाम रांगेत शेवटी उभं केलं आणि दुसऱ्याच्या हातात काय पडतं ते बघायला लावलं. त्यांची तक्रारही नीट ऐका. तुम्ही आम्हाला कमी दिलं, असं ते म्हणत नाहीत. तुम्ही त्यांना आमच्या बरोबरीचं केलं, असं म्हणतात. दुखतंय ते बरोबरीचं. दिनार तोच, हात तोच, पण शेजाऱ्याच्या हातातला दिनार पाहिल्यावर स्वतःच्या हातातल्याचा आनंद गेला.

देवाची कृपा म्हणजे काय, हे ख्रिस्ती लोक मोठमोठ्या शब्दांत सांगतात. या दाखल्यात ती अगदी व्यवहारात दिसते: माणसाच्या कामाच्या मापाने न मोजता त्याच्या गरजेकडे आणि देणाऱ्याच्या मनाकडे पाहून दिलेलं. नंतरच्या काळात यहुदी परंपरेतही अशीच एक गोष्ट नोंदली गेली. यरुशलेम तालमूद या जुन्या यहुदी ग्रंथात ती आहे. बून बर हिय्या नावाचे एक रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, अवघ्या २८ व्या वर्षी वारले. त्यांच्यासाठी केलेल्या शोकभाषणात सांगितलं गेलं की एका राजाने मजूर लावले, त्यातला एक इतका निष्णात होता की राजाने दोन तासांनी त्याला कामावरून काढून आपल्याबरोबर फिरायला नेलं. संध्याकाळी त्यालाही पूर्ण रोज दिला. बाकीचे कुरकुरले तेव्हा राजा म्हणाला, याने दोन तासांत जे केलं ते तुम्ही दिवसभरात केलं नाही. तरुण वयात गेलेल्या माणसाच्या घरच्यांना धीर देणारी ही फार सुंदर गोष्ट आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की येशूच्या गोष्टीतला फरक उठून दिसतो. पाच वाजताच्या लोकांनी झपाट्याने काम केलं, असं तो कुठेही म्हणत नाही. त्यांच्या बाजूने एवढंच आहे की त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि बोलावल्यावर ते गेले.

जुन्या काळात ख्रिस्ती पंडितांनी त्या पाच वेळांचे निरनिराळे अर्थ लावले. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनने त्यात जगाच्या इतिहासाचे कालखंडही पाहिले आणि माणसाच्या वयाचे टप्पेही. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम याने वयाचा अर्थ धरला: कुणी बालपणी विश्वासात येतो, कुणी म्हातारपणी. त्याच्याच नावावर असलेलं एक छोटं प्रवचन आजही ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दर ईस्टरला वाचतात, आणि त्यात अकराव्या तासाला आलेल्यानेही न भिता मेजवानीला बसावं असं सांगितलं आहे. हे अर्थ सुंदर आहेत, पण प्रत्येक तासाला एकेक गुपित चिकटवत बसलं की मजूर आणि त्याची भूक नजरेआड जाते. काही आधुनिक अभ्यासक उलट टोकाला जातात आणि म्हणतात की हा घरधनी म्हणजे देव नव्हेच, तो मजुरांची अडचण ओळखून मनमानी करणारा जमीनदार आहे. तेव्हाच्या जमीनदारीबद्दल ते सांगतात ते विचार करण्याजोगं आहे. पण दाखला 'स्वर्गाचं राज्य असं आहे' म्हणून सुरू होतो, आणि गरजेपुरता रोज सगळ्यांना देणारा जमीनदार शोषक ठरवायचा तर गोष्ट फारच वाकवावी लागते. मला ते पटत नाही.

वाकवायची सवय मात्र जुनीच आहे. इंग्लंडमध्ये १८२९ साली न्यूअर्क इथल्या पोटनिवडणुकीत ड्यूक ऑफ न्यूकॅसलच्या उमेदवाराविरुद्ध मत देणाऱ्या भाडेकरूंना त्याने घराबाहेर काढलं. त्यावर टीका झाली तेव्हा याच दाखल्यातल्या वाक्याचा आधार घेऊन त्याने विचारलं, माझ्या मालकीच्या वस्तूचं मला हवं ते मी करू नये का? घरधनी हे वाक्य जास्त देण्यासाठी बोलतो. ड्यूकने ते हिरावून घेण्यासाठी वापरलं. एखादं वचन जीवनाला लावताना ते कुणाच्या बाजूने बोललं गेलं होतं हे विसरलं की असं होतं.

त्याच शतकात त्याच देशात हाच दाखला दुसऱ्या वाटेनेही गेला, आणि ती वाट थेट आपल्या वर्ध्यापर्यंत येते. जॉन रस्किन या लेखकाने १८६० मध्ये अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. मजूर म्हणजे बाजारातला माल नव्हे, असं त्याचं म्हणणं होतं. निबंध एका मासिकात येत होते, वाचकांनी इतका आरडाओरडा केला की ते थांबवावे लागले. १८६२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं आणि त्याचं नाव या दाखल्यातल्या घरधन्याच्या बोलण्यातून घेतलेलं होतं: 'या शेवटच्यालाही'. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दर्बानला निघालेल्या गांधीजींच्या हातात त्यांचे मित्र हेन्री पोलक यांनी ते पुस्तक ठेवलं. गाडीत त्यांनी ते खाली ठेवलं नाही आणि रात्री त्यांना झोप आली नाही. वकिलाच्या कामाची आणि न्हाव्याच्या कामाची किंमत सारखीच, कारण पोट भरण्याचा हक्क दोघांनाही सारखाच, हे त्यांनी त्यातून घेतलं. लगेच दर्बानजवळ फिनिक्सची वसाहत उभी राहिली, आणि तिथे रंग किंवा देश न पाहता प्रत्येकाला महिना तीन पौंड ठरले. दाखल्यातला सारखा दिनारच तो. १९०८ मध्ये गांधीजींनी त्या पुस्तकाचा सारांश गुजरातीत लिहिला आणि त्याला 'सर्वोदय' असं नाव दिलं. त्यांच्यानंतर १९४८ मध्ये सेवाग्रामला सर्वोदय समाजाची स्थापना झाली, आणि तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावी जन्मलेल्या विनोबांनी ते नाव खेडोपाडी पोचवलं. मराठी माणूस हा शब्द शाळेपासून ऐकतो. त्याचं एक मूळ मत्तयच्या २० व्या अध्यायात आहे, हे आमच्या मंडळीतल्याही फार थोड्यांना माहीत असतं.

'आम्हाला कुणी कामाला लावलं नाही' या उत्तराला महाराष्ट्राने एकदा कायद्यातही जागा दिली. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली रोजगार हमी योजना १९७७ मध्ये कायदा झाली. काम मागणाऱ्याला काम द्यायचं, नाहीतर भत्ता द्यायचा. तो कायदा बायबलमधून आलेला नाही, तसा दावा मी करणार नाही. पण रिकामा उभा असलेला माणूस आळशीच असतो हे गृहीत धरायचं नाही, ही समज दोन्हीकडे आहे.

मग रोजच्या जगण्यात हे कुठे लागू होतं? पहिली जागा मंडळीचीच आहे. एखादा माणूस आयुष्यभर दारूत बुडालेला असतो. बायकोने भांडी घासून पोरं वाढवलेली असतात. शेवटच्या आजारपणात तो पाळकांना बोलावतो, रडतो, प्रार्थना करतो, सहभागिता म्हणजे प्रभुभोजनाची भाकर घेतो आणि पंधरवड्यात जातो. दफनविधीच्या संदेशात पाळक सांगतात की तो प्रभूजवळ आहे. मागच्या बाकावर कुजबुज होते: असं असेल तर आम्ही कशाला इतकी वर्षं जपून वागलो? हा प्रश्न पहाटेच्या मजुराचा आहे. वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या अपराध्याला येशूने 'आजच' आपल्याबरोबर सुखलोकात असशील असं सांगितलं, त्याला तर तासभर कामसुद्धा करता आलं नव्हतं. जपून वागण्यातली वर्षं वाया गेली असं ज्याला वाटतं, त्याने स्वतःला विचारावं की मळ्यात असणं त्याला शिक्षा वाटत होती का. ज्याला दारूविना, मारहाणीविना, शांत झोपेची तीस वर्षं मिळाली, त्याला पगार रोजच मिळत आला आहे.

पण त्या बायकोचं काय? इथे मला थांबून बोलायचं आहे, कारण या दाखल्याचा सर्वांत जास्त गैरवापर इथेच होतो. थकलेल्या माणसाला गप्प बसवायला तो वापरतात. तसंच दुसरं एक घर घ्या. सासूबाई अंथरुणावर आहेत. मोठी सून वर्षानुवर्षं त्यांचं सगळं करते, औषधं, कपडे, रात्रीचं उठणं. धाकटा मुलगा दुबईहून दहा दिवसांच्या सुट्टीवर येतो, आईचे पाय चेपतो, आणि सासूबाई सगळ्यांना सांगतात, "माझा मुलगा आला आणि मला बरं वाटलं." सून चिडते. तिला लगेच कुणी वचन ऐकवतं, कुरकुर करू नये.

ते वचन तिला ऐकवण्याआधी दाखला नीट वाचावा. घरधनी 'मी तुझ्यावर अन्याय केलेला नाही' असं म्हणू शकतो, कारण त्याने पहाटेच्या मजुराचा दिनार पुरता दिला आहे. सूर्य मावळायच्या आत, ठरल्याप्रमाणे, पैसा न कापता. उदारपणा त्याच्या पुढचा आहे. तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न हा, की त्या सुनेचा दिनार तिला मिळाला आहे का? विश्रांती, दोन चांगले शब्द, तिच्या हातात खर्चाला पैसे, आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या कुणीतरी उठणं. ते मिळालं नसेल तर तिची तक्रार ही हेव्याची नाही, थकलेल्या मजुरीची आहे. आणि थकवलेल्या मजुरीबद्दल बायबल काय म्हणतं हे याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आहे: शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं सैन्यांच्या प्रभूच्या कानी गेलं आहे. तिला तिचं सगळं मिळत असेल आणि तरीही दिराचं कौतुक सोसवत नसेल, तरच हा दाखला तिच्यासाठी आहे.

ही कसोटी मला फार कामाची वाटते, आणि ती कुठेही लावून पाहता येते. कंपनीत जुन्या कामगारांचा पगार वर्षानुवर्षं अडवून नव्यांना चढ्या दराने घेतलं, आणि जुने बोलले तर त्यांना हेवेखोर म्हणणं हा दाखल्याचा अपमान आहे. जुन्यांचं सगळं चोख दिलेलं असताना एखाद्या विधवेला नियमांना थोडी मुरड घालून नोकरी दिली आणि त्यावर कॅन्टीनमध्ये नाकं मुरडली गेली, तर तिथे दाखला बरोबर बसतो.

आमच्यातले काही जण मात्र मजूर नाहीत, घरधनी आहेत. घरात कामाला मावशी असणारा प्रत्येक जण घरधनी आहे, आणि त्याला हा दाखला सरळ सरळ पैशाच्या भाषेत बोलतो. महिन्याचा पगार एक तारखेला द्यायचा, 'सुट्टे नाहीत, उद्या घ्या' म्हणायचं नाही. तिचं मूल तापाने फणफणलं म्हणून ती चार दिवस आली नाही, तर त्या चार दिवसांतही तिच्या घरी चूल पेटत होती हे लक्षात ठेवून खाडे कापायचे नाहीत. शेजारीण म्हणेल, तुम्ही असं करून भाव वाढवता. घरधन्यालाही लोक तेच म्हणाले असतील. माझ्या ओळखीच्या एका घरात टाळेबंदीच्या महिन्यांत कामाच्या दोन्ही बायकांना घरी बसून पूर्ण पगार मिळाला, त्यातली एक अवघ्या महिन्यापूर्वी लागलेली होती. त्या घरात कुणी तेव्हा बायबल उघडून उपदेश केला नाही, पण हा दाखला तिथे जसाच्या तसा घडला.

मुलांबाबतही हे लागू आहे, पण तिथे फार काही समजावायला नको. ज्या पोराला अभ्यासात जास्त वेळ द्यावा लागतो त्याला आईबाप जास्त वेळ देतात, आणि दुसऱ्याला राग येतो. दुसऱ्याच्या वाट्याचं काही राहिलं नाही ना, एवढं पाहावं म्हणजे झालं.

गटात हा भाग घ्यायचा असेल तर माझी एक विनंती आहे. २० व्या अध्यायाच्या पहिल्या १६ वचनांवर थांबू नका. श्रीमंत तरुणापासून, म्हणजे १९ व्या अध्यायाच्या १६ व्या वचनापासून सुरुवात करा आणि २० वा अध्याय संपेपर्यंत एका बैठकीत मोठ्याने वाचा. दाखला संपल्यावर येशू आपल्या मरणाविषयी बोलतो, आणि लगेच शिष्यांपैकी दोघांची, जब्दीच्या मुलांची, आई पुढे येऊन आपल्या दोन मुलांसाठी उजवीकडची आणि डावीकडची जागा मागते. बाकीचे दहा शिष्य चिडतात. दाखला ऐकून काही क्षणही झाले नाहीत तोच रांगेत पुढे कोण यावरून तंटा सुरू होतो. त्यानंतर यरीहोच्या रस्त्यावर दोन आंधळे ओरडत असतात आणि लोक त्यांना गप्प करू पाहतात. येशू त्या आईला विचारतो, तुला काय हवं? आंधळ्यांनाही तेच विचारतो. आई आसनं मागते, आंधळे दृष्टी मागतात. एकीला तो सांगतो की ते देणं माझ्याकडे नाही, दुसऱ्यांना लगेच देतो. असं का, यावर आमच्या गटात अजून एकमत झालेलं नाही, आणि पुढच्या बुधवारी तोच भाग पुन्हा घ्यायचा ठरला आहे.